झरा, घराणे आणि आपली विहीर
(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



मागच्या उन्हाळ्यात गट कार्यालयात लागणीच्या नोंदी घेत बसलो होतो. एका सभासदाने पिशवीतून पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, ह्या लिटरभर पाण्याला स्टँडवर वीस रुपये मोजले. अन् काल रात्री विहिरीवरची मोटर चालू करून झोपलो, ती सकाळी उठून बंद केली. रान तुडुंब. आता सांगा, ह्यातलं महाग पाणी कुठलं?" सगळे हसले. मीही हसलो. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

आपण बाटलीतल्या पाण्याला सरसकट 'बिसलरी' म्हणतो. हे नाव मूळचे इटलीतले, फेलिचे बिसलेरी नावाच्या गृहस्थाचे. ते १९६५ साली मुंबईत आले आणि १९६९ साली पार्लेच्या चौहान कुटुंबाने विकत घेतले. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक बाटल्यांतले पाणी हे जमिनीतून किंवा नळातून घेऊन यंत्राने शुद्ध केलेले असते. झऱ्याचे नैसर्गिक खनिज पाणी ही वेगळी जात. भारतीय मानकांतही दोघांना वेगवेगळे क्रमांक आहेत, शुद्ध केलेल्या पाण्याला १४५४३ आणि नैसर्गिक खनिज पाण्याला १३४२८.

झऱ्याचेच पाणी विकून एक घराणे कसे वर आले आणि पुढे त्याचे काय झाले, याची एक खरी हकीकत अमेरिकेत घडलेली आहे. तिच्यातून आपण ऊसकऱ्यांनी घेण्यासारखे बरेच आहे, म्हणून ती येथे सविस्तर देत आहे.

रिकर घराण्याची टेकडी

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. थंडीचा, बर्फाचा, जंगलाचा मुलूख. तिथे पोलंड नावाचे एक छोटे गाव आहे. युरोपातल्या पोलंड देशाशी त्याचा गोंधळ करू नये. १७९० च्या दशकात जेबेझ रिकर नावाचा शेतकरी आपले कुटुंब घेऊन या गावच्या टेकडीवर येऊन राहिला. रस्त्यावरची जागा, येणारे-जाणारे मुक्कामाला थांबायचे, म्हणून त्याच्या मुलाने, वेंटवर्थ रिकरने, १७९७ साली तिथे खाणावळवजा धर्मशाळा काढली. शेती आणि वाटसरूंची सोय, एवढाच त्यांचा धंदा. रानात एक झरा होता. घरची माणसे आणि गडी त्याचे पाणी पीत. त्याला किंमत आहे असे कुणाच्या मनातही नव्हते.

तिसऱ्या पिढीत हायरम रिकर कर्ता झाला. त्याला पोटाचा जुना विकार होता, अन्न पचत नसे. १८४४ साली गवत कापणीच्या दिवसांत तो झऱ्याजवळच्या रानात राबत होता आणि दिवसभर तेच पाणी पीत होता. पोट सुधारले. त्याने ते झऱ्याच्या पाण्याला लावले आणि सगळीकडे सांगू लागला. दुसऱ्या वर्षापासून, म्हणजे १८४५ पासून, हे पाणी विकले जाऊ लागले असे त्या धंद्याचा इतिहास सांगतो. सुरुवातीला मातीच्या बरण्यांतून, पुढे लाकडी पिपांतून आणि काचेच्या बाटल्यांतून. १८७६ साली त्यांनी मोझेस या धर्मपुरुषाच्या आकाराची बाटली काढली. खडकावर काठी मारून त्याने पाणी काढले अशी त्यांच्या धर्मग्रंथात कथा आहे, म्हणून तो आकार.

येथे एक खुलासा केला पाहिजे. त्या काळी झऱ्याच्या पाण्याने मूत्रपिंडाचे, पोटाचे नाना विकार बरे होतात असा प्रचार चालायचा. त्याला आजच्या वैद्यकशास्त्राचा आधार नाही. पण त्या काळी शहरांतले पाणी गढूळ, पटकी आणि विषमज्वर पसरवणारे होते. तेव्हा स्वच्छ पाणी मिळणे हीच मोठी गोष्ट होती. माणसे बरी होत असतील तर ती पाण्याच्या जादूने नव्हे, घाण पाणी पोटात गेले नाही म्हणून.

भरभराट

हायरमला एडवर्ड, आल्व्हन आणि धाकटा हायरम असे मुलगे होते. ते धंद्यात आले आणि पेढीचे नाव 'हायरम रिकर आणि मुलगे' असे झाले. १८७६ साली त्यांनी टेकडीवर 'पोलंड स्प्रिंग हाउस' हे मोठे हॉटेल उघडले. धनिक लोक उन्हाळ्यात येऊन आठवडेच्या आठवडे राहत. पाण्याने हॉटेलला गिऱ्हाईक आणले आणि हॉटेलने पाण्याचे नाव देशभर नेले. जशी आपल्याकडे शेतीला दुभत्याची आणि दुभत्याला शेतीची जोड असते, तशीच ही जोड होती.

१८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात पोलंड स्प्रिंगच्या पाण्याला पदक मिळाले. त्याच प्रदर्शनासाठी मेन राज्याने स्वतःची एक दगडी इमारत उभारली होती. प्रदर्शन संपल्यावर रिकरांनी ती विकत घेतली, सुटी करून रेल्वेने आपल्या टेकडीवर आणली, पुन्हा उभी केली आणि १८९५ साली तिच्यात ग्रंथालय व चित्रदालन उघडले. ती इमारत अजून उभी आहे. १८९४ पासून ते 'हिल-टॉप' नावाचे स्वतःचे वार्तापत्रही काढत होते. १९०४ च्या सेंट लुईसच्या प्रदर्शनात त्यांच्या पाण्याला मोठे पारितोषिक मिळाले आणि १९०७ च्या सुमारास झऱ्यावर देखणे झरागृह आणि शेजारी बाटल्या भरण्याची नवी इमारत झाली.

हे सर्व मी एवढ्यासाठी सांगतो की, या घराण्याने आळस केला नाही. झऱ्याची राखण केली, भोवतालची जमीन हाताखाली ठेवली, पाण्याच्या स्वच्छतेवर नाव मिळवले. चार पिढ्यांचा हा वारसा होता.

नाव राहिले, घराणे गेले

पुढे काळ फिरला. मोटारगाड्या आल्या. लोक एका जागी महिना महिना राहीनासे झाले, आज इथे उद्या तिथे फिरू लागले. भल्यामोठ्या हॉटेलांचा खर्च मात्र चालूच. शहरांना क्लोरीन घातलेले स्वच्छ नळाचे पाणी मिळू लागले, त्यामुळे विकतच्या पाण्याची गरज कमी झाली. त्यातच १९२९ ची मंदी आली. १९३० च्या दशकात टेकडी, हॉटेल आणि झरा रिकर घराण्याच्या ताब्यातून गेला.

त्यानंतर मालक बदलत गेले. ते जुने हॉटेल १९७५ साली आगीत जळून गेले. पाण्याचा धंदा १९८० साली फ्रान्सच्या पेरिए कंपनीने घेतला. पेरिए १९९२ साली स्वित्झर्लंडच्या नेस्लेने घेतली. २०२१ साली नेस्लेने आपला उत्तर अमेरिकेतला पाण्याचा धंदा गुंतवणूकदार कंपन्यांना ४३० कोटी डॉलरला विकला, त्यात पोलंड स्प्रिंगही गेले. २०२४ साली आणखी एक विलीनीकरण होऊन ते प्रायमो ब्रँड्स या कंपनीत आले. बाटलीवर आजही '१८४५ पासून' असे अभिमानाने सांगितले जाते. म्हणजे वारसा विकला जातो, वारसदार त्यात नाहीत.

आणि पाणी? ते आज एका झऱ्याचे नाही, मेन राज्यातल्या अनेक ठिकाणच्या झऱ्यांचे आहे. खप वाढला तेव्हा एका झऱ्यावर भागेना. २०१७ साली तर हे पाणी खरोखर झऱ्याचे आहे काय, असा दावा अमेरिकेच्या न्यायालयात दाखल झाला. कंपनीने आरोप नाकारले.

सभासद बंधूंनी येथे क्षणभर थांबावे. आपला कारखाना हीसुद्धा आपल्या आज्या-बापांनी शेअरचे पैसे भरून उभी केलेली वास्तू आहे. राज्यातले काही सहकारी कारखाने कर्जापायी विकले गेले, हे आपण डोळ्यांनी पाहिले. पाटी राहते, धुराडे राहते, सभासद मात्र नुसता ऊस घालणारा होऊन बसतो. रिकरांचे नेमके तेच झाले.

झरा म्हणजे नेमके काय?

पाऊस पडतो, त्यातला काही वाहून जातो, काही वाफ होतो, काही झाडे घेतात आणि उरलेला जमिनीत मुरतो. मुरलेले पाणी वाळू, मुरूम, खडकाच्या भेगा यांत साठते. जिथे हा साठा उताराला जमिनीच्या पृष्ठभागाला येऊन भेटतो तिथे तो आपोआप बाहेर पडतो. तो झरा. मेनमध्ये हजारो वर्षांपूर्वीच्या हिमनद्यांनी वाळू-खडीचे जाड थर टाकून ठेवले आहेत. बर्फ वितळून पाणी त्यात चाळणीसारखे मुरते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९५ साली 'झऱ्याचे पाणी' कशाला म्हणावे याचे नियम केले. पाणी नैसर्गिकरीत्या भूपृष्ठावर येत असले पाहिजे. बोअर पाडून काढायचे झाल्यास तो बोअर झऱ्याच्याच थरातला हवा, दोघांचा संबंध मोजून दाखवता आला पाहिजे, आणि महत्त्वाचे म्हणजे बोअर चालू असताना झरा वाहत राहिला पाहिजे. झरा आटला तर ते झऱ्याचे पाणी नव्हे.

ही शेवटची अट आपण कागदावर लिहून विहिरीच्या मोटरघरात लावावी अशी आहे. आपल्या राज्याचा चार-पंचमांशाहून अधिक भाग काळ्या कातळाचा, बेसॉल्टचा आहे. यात वाळूचे जाड थर नाहीत. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत. आपण म्हणतो, "विहिरीला पूर्वेकडून जिवंत झरा आहे." तो झरा म्हणजे अशीच एक भेग. शेजारी तीच भेग खाली बोअरने फोडली की पाणी खाली उतरते आणि विहिरीचा झरा हटतो.

ज्याची जमीन त्याचे पाणी?

मेन राज्यात जुना कायदा असा, की ज्याची जमीन त्याचे खालचे पाणी. १९९९ साली तेथील वरिष्ठ न्यायालयापुढे एक खटला आला. एका कुटुंबाचा झरा शेजाऱ्याने खडी काढण्यासाठी खोल खोदाई केल्याने आटला, अशी त्यांची तक्रार होती. न्यायालयाने जुना नियम बदलण्यास नकार दिला, बदलायचा तर तो विधिमंडळाने बदलावा असे म्हटले. झरा आटलेल्या माणसाच्या हाती काही आले नाही.

आपल्याकडे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात असेच तत्त्व आहे. ठरावीक प्रवाहात न वाहणारे जमिनीखालचे पाणी ज्याच्या जमिनीत आहे त्याने घ्यावे. पण महाराष्ट्राने पुढे पावले टाकली. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेण्यास बंधन घातले. २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटर वा त्याहून खोल विहिरींवर निर्बंध आले. कायदा असूनही रात्री बोअरची गाडी कशी येते हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. म्हणून नुसत्या कायद्यावर विसंबून भागणार नाही.

आपल्या कार्यक्षेत्रातलेच एक उदाहरण सांगतो, नाव घेत नाही. चार भावांची वडिलोपार्जित विहीर. सातबाऱ्यावर प्रत्येकाचा चार आणे हिस्सा, पाण्याची पाळी ठरलेली. वडील होते तोवर पाळी पाळली गेली. नंतर एकदा पाळीवरून शब्दाला शब्द लागला आणि थोरल्याने आपल्या तुकड्यात बोअर घेतला. मग दुसऱ्याने त्याहून खोल, तिसऱ्याने त्याहून खोल. २०१६ च्या उन्हाळ्यात विहीर कोरडी ठाक, तीन बोअरपैकी दोन फेल. उभा ऊस चाऱ्याला तोडावा लागला. मी पंचनाम्याला गेलो तेव्हा म्हातारी आई विहिरीच्या थारोळ्यावर बसली होती. म्हणाली, "ह्यांच्या बापानं ही हीर हातानं खणली. पोरांनी ती इकली न्हाई, पर बुडवली." रिकरांच्या झऱ्याची विक्री तरी झाली. ह्या घरात तसाच वारसा गेला, आणि मोबदला म्हणून बोअरवाल्याचे बिल आले.

आपला हिशेब

आता त्या सभासदाच्या प्रश्नाकडे येऊ. मोकाट पाणी पद्धतीने सुरू उसाला साधारण २५० हेक्टर-सेंटीमीटर, पूर्वहंगामीला ३०० आणि आडसालीला ३५० च्या घरात पाणी लागते असे धरले जाते. एक हेक्टर-सेंटीमीटर म्हणजे १ लाख लिटर. म्हणजे सुरू उसाला हेक्टरी अडीच कोटी लिटर, एकरी १ कोटी लिटर. एका एकराच्या उसात आपण लिटरच्या १ कोटी बाटल्या रिकाम्या करतो!

दुसरी बाजू पाहू. ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर एका एकरावर एकूण २० लाख लिटर पाणी पडते. कातळाच्या मुलखात त्यातले दहावा हिस्सा खोल मुरले असे समजू, तर ते झाले २ लाख लिटर. म्हणजे निव्वळ विहीर-बोअरवर १ एकर ऊस करणारा ५० एकरांत मुरलेले पाणी उचलतो. हा ढोबळ हिशेब आहे. पावसाचे काही पाणी पिकाला थेट मिळते, दिलेले काही पुन्हा मुरते, कॅनॉलचा फेर मिळतो. हे सगळे धरून आकडा निम्म्यावर आणा, तरी २५ एकर होतात. बाकीची २४ एकर कुणाची? शेजाऱ्याची, भावाची, गावाची.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हा हिशेब आधीच ओळखला. १९८९ नंतर श्री. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने पाणलोटाची कामे केली, शेतीसाठी बोअर बंद केले आणि ऊस-केळी यांसारखी जादा पाण्याची पिके घ्यायची नाहीत असे ठरवले. पुरंदर तालुक्यात कै. विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने तर पाणी जमिनीप्रमाणे नव्हे, घरातल्या माणसांप्रमाणे वाटले आणि त्या पाण्यावर ऊस नाही असा नियम केला. ऊस विकास अधिकाऱ्याने हे लिहावे हे काहींना विचित्र वाटेल. परंतु विहिरी आटल्या तर ऊसही नाही आणि कारखानाही नाही. ऊस टिकवायचा तर पाणी कमी लावूनच टिकवावा लागेल.

काय करावे?

१) ठिबक. ठिबकने मोकाट पद्धतीच्या मानाने ४० ते ५० टक्के पाणी वाचते. ४० टक्के धरले तरी एकरी ४० लाख लिटर. वरच्या हिशेबाने २० एकरांचे मुरलेले पाणी जमिनीत राहिले. मात्र वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस वाढवला, तर बचत शून्य हे ध्यानात ठेवावे.

२) ठिबक लगेच जमत नसेल तर लांब सरी किंवा पट्टा पद्धत घ्यावी आणि पाण्याच्या ताणाच्या काळात एक आड एक सरी भिजवावी.

३) पाचट पेटवू नये. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. ते खोडव्यात सरीत दाबून घ्यावे, त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू टाकावेत. ओल टिकते, एखादी पाळी वाचते, जमिनीत सेंद्रिय कर्ब वाढतो.

४) विहीर पुनर्भरण. पावसाळ्यात ओढ्याचे किंवा रानातून वाहून जाणारे पाणी विहिरीजवळ खड्डा घेऊन त्यात वळवावे. खड्ड्यात तळाला मोठे दगड, वर खडी, वर जाड वाळू घालावी आणि गाळलेले पाणी नळीने विहिरीत सोडावे. पहिल्या पावसाचे गढूळ पाणी बाहेर काढून द्यावे. गोठ्याचे, सांडपाण्याचे किंवा नुकतेच औषध-खत टाकलेल्या रानाचे पाणी कदापि आत घेऊ नये.

५) सामाईक विहिरीची पाळी लेखी करावी. आपल्या बापानंतर पोरांत वाद होऊ नये म्हणून हिस्सा, तास आणि दुरुस्तीचा खर्च कागदावर आणावा. त्याच वेळी कारखान्याच्या शेअरचीही वारसनोंद तपासून घ्यावी.

६) पातळी मोजावी. दोरीला दगड बांधून थारोळ्यापासून पाणी किती फुटांवर आहे ते मे अखेर आणि दिवाळीला मोजून वहीत लिहावे. रिकरांच्या झऱ्याची जाहिरात जगाने वाचली. आपल्या विहिरीची वही निदान आपल्या पोरांना वाचायला मिळावी.

वर सांगितलेल्या चार भावांपैकी दोघांनी पुढे पुनर्भरणाचा खड्डा घेतला आणि अडीच एकरांवर ठिबक केले. उसाचे क्षेत्र निम्म्यावर आणले. विहीर पूर्वीसारखी बारमाही झालेली नाही, ते खोटे सांगणार नाही. पण पूर्वी डिसेंबरात तळ दिसायचा, आता मार्च निघतो. उरलेल्या दोघांशी बोलणे चालू आहे.

त्या बाटलीवाल्या सभासदांना माझे उत्तर असे. बाटलीतले पाणी वीस रुपयांना मिळाले, ते संपले की दुसरी बाटली मिळते. रात्रभर रानात सोडलेल्या पाण्याची दुसरी बाटली कुठल्याच दुकानात नाही. महाग ते.

विहिरीची पातळी लिहिण्याचे कोरे तक्ते सर्व गट कार्यालयांत ठेवले आहेत. ऊस नोंदीला याल तेव्हा मागून न्यावेत. पुनर्भरणाच्या खड्ड्याची जागा दाखवायची असल्यास आपल्या शेतकी मदतनिसास सांगावे, आम्ही बांधावर येऊ.